काढ्यावर ढकललेलं मरण

१

बाई काढ्याने मेली, असं इस्पितळाच्या कॅन्सर विभागाने मी पोहोचायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. कारण छापून, सह्या करून, पारदर्शक फोल्डरमध्ये घालून तयार होतं. माझी सही तेवढी व्हायची होती. फोल्डरशेजारी चहा आणि क्रीमची बिस्किटं मांडलेली. मेलेल्या माणसाच्या कागदांशेजारी क्रीमची बिस्किटं मांडणाऱ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे.

मी औषध-सुरक्षा कार्यालयात तपासनीस आहे. नव्या औषधाच्या चाचणीत कोणी दगावलं की मला पाठवतात. इस्पितळांतून माझ्या पाठीमागे मला 'नाकवाली' म्हणतात, कारण मी सारखी नाक मुरडते. मुरडते खरी. समोर घाण दिसत असताना मुरडायचं नाही, तर देवाने नाक दिलंय कशाला?

इथली चाचणी कॅन्सरच्या इंजेक्शनची होती. औषध जुनंच, लाल रंगाचं, पण चरबीच्या अतिसूक्ष्म थैल्यांमध्ये भरलेलं. नॅनोकण म्हणतात त्यांना. केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील एवढे बारीक. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, त्यामुळे गळक्या असतात. थैल्या तिथून झिरपून गाठीत शिरतात आणि औषध तिथेच सोडतात. हृदयाला झळ कमी लागते. म्हणून आत मात्राही मोठी भरतात, मोकळी दिली तर माणसाला सोसणार नाही इतकी. प्रत्येक रुग्णाच्या गाठीच्या मापाने बाटल्या वेगळ्या बनवायच्या, आणि त्या बनायला काही आठवडे लागायचे.

दगावलेली बाई एका शिंप्याची बायको. तीन डोस उत्तम गेले, गाठ निम्म्यावर आली. चौथ्यानंतर बिघडलं आणि शेवटी हृदय थांबलं. नवरा घरी चोरून झाडपाल्याचा काढा पाजत होता, त्यातल्या अज्ञात घटकांनी घात केला, असं अहवाल म्हणत होता. अहवाल लिहिणारे विभागातले धाकटे डॉक्टर म्हणजे त्या बाईचा सख्खा भाऊ. भाऊच म्हणतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार?

विभागाचे मोठे डॉक्टर बिस्किटाचे दोन भाग करून आधी आतलं क्रीम चाटत होते. चाटता चाटता त्यांनी मला सांगितलं की शिंप्याची मुलगी आता मामाकडेच असते आणि बापाचं तोंडसुद्धा पाहत नाही. सांगताना त्यांना वाईट वाटत असावं, पण ते जिभेपर्यंत पोहोचत नव्हतं.

त्यांच्या मागे भिंतीवर एक मोठा फोटो होता. मोठे डॉक्टर आणि एक किडकिडीत बाई, दोघांच्या हातात मिळून एक सुरी, पुढ्यात केक. केक कसला, गाठच ती. गुलाबी, उंचसखल, फुगलेली, आणि तिच्यात लाल साखरेचे मणी टोचलेले. मणी म्हणजे नॅनोकण, असं त्यांनी कौतुकाने समजावून दिलं. पहिले निकाल चांगले आले म्हणून परदेशी पाहुण्यांसमोर समारंभ झाला होता. सुरी धरलेली बाई हीच, आता फोल्डरमध्ये असलेली.

"काय फजिती झाली त्या दिवशी!" ते हसत म्हणाले. "केक इतका दगड, की सुरी शिरेना. पाहुणे म्हणाले, गाठ खरीच चिवट दिसते."

मी बिस्किटाची बशी लांब सरकवली, पेनाचं टोपण लावलं आणि सही शिंप्याला भेटून आल्यावर करते म्हटलं. त्यांचं हसू थांबलं.

"त्याला कशाला भेटताय? त्याने तर कबूल केलंय."

२

शिंप्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर चादर घातलेली, गिऱ्हाइकांचे कापलेले कपडे तसेच गठ्ठ्यात. मी कोण ते सांगितल्याबरोबर त्याने कबुली द्यायला सुरुवात केली. मी विचारलंही नव्हतं.

"मीच मारलं तिला, बाई. मेहुण्यांनी समजावून सांगितलं मला. देवमाणूस आहे तो, म्हणून पोलिसांत नाही गेला. पोरीलाही त्यानेच सांभाळलंय. तिने येऊ नये माझ्याकडे, बरोबरच आहे तिचं."

मेहुणा म्हणजे धाकटे डॉक्टर. देवमाणूस हा शब्द ऐकला की माझं नाक आपोआप वर जातं.

काढ्यात काय घालत होता ते विचारलं. आलं, दालचिनी, मध आणि खोकल्याला सगळेच घेतात ती एक साल. कधीपासून? पहिल्या डोसापासून. मी त्याला पुन्हा विचारलं, कारण अहवालात हे कुठेच नव्हतं. हो, पहिल्यापासूनच, रोज सकाळी. मग तीन डोस तो काढा गप्प बसला आणि चौथ्याला चवताळून उठला की काय? हे शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. पण सुचण्यासाठी आधी विचारावं लागतं, आणि शिंप्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. नुसतं सांगितलं होतं.

मी त्याला पहिल्यापासून सगळं बोलू दिलं. बायको काजं करायची, बटणं लावायची. पहिल्या डोसानंतर तिच्या तळहातांची आग व्हायला लागली. तळपायही तसेच. उकडलेल्या बटाट्यासारखी साल निघायची. तिला सुई धरवेना, तर हा दुपारभर तिचे हात गार पाण्यात धरून बसायचा. समारंभाला त्याच सोललेल्या हातात त्यांनी सुरी दिली होती, तेव्हा तिने ओठ चावला, एवढं त्याला आठवत होतं. मला तो फोटो आठवला.

चौथ्या डोसानंतर मात्र तळहात बघता बघता बरे झाले. नवी गुलाबी कातडी आली. काढा लागू पडला असं वाटून याने दुसऱ्या दिवसापासून दुप्पट द्यायला सुरुवात केली. हे सांगताना तो स्वतःच्या थोबाडीत मारून घेईल की काय असं मला वाटलं. आणि मग तोंडात फोड आले, जिना चढवेना आणि केस गळाले.

"डॉक्टर म्हणाले होते, या औषधाने केस जात नाहीत. तिला केसांचा फार अभिमान होता."

त्याने कपाटातून कापडी पिशवी काढली. गळालेले सगळे केस त्याने जपून, विंचरून ठेवले होते. मी ती पिशवी हातात घेतली. सकाळपासून त्या इस्पितळात पावलोपावली शिसारी आली होती, पण त्या केसांची नाही आली.

ते केस पाहता पाहता माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. थैल्यांतलं औषध हातापायांच्या कातडीत झिरपतं, म्हणून तळवे सोलतात. केस मात्र राहतात. तेच औषध मोकळं दिलं तर केस जातात, तोंड येतं, हृदयावर घाला पडतो आणि तळव्यांना फारसं काही होत नाही. बाईचं शरीर चौथ्या डोसाला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला उलटलं होतं. चौथ्या बाटलीत थैल्या नव्हत्याच.

३

पहिला संशय चोरीचा. नवं औषध लांबवायचं आणि त्याच्या बाटलीत जुनं लाल पाणी भरायचं, असले महाभाग मी पाहिलेत. औषधांची किल्ली असते फार्मासिस्टकडे. मी त्याच्या कोठीत गेले तर तो मला पाहूनच घामाघूम झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

तो बडबडत होता की समारंभाच्या दिवशी तो रजेवर होता, दुसऱ्या दिवशी चौथा डोस द्यायच्या वेळी परत आला, बाटली त्यानेच काढून दिली, सील जसंच्या तसं होतं. फ्रिजमध्ये त्या वेळी फक्त त्या बाईंच्याच बाटल्या होत्या. हे सगळं तो माझ्याकडे न बघता, फ्रिजच्या दाराला टांगलेल्या थर्मामीटरकडे बघत सांगत होता. कुठेतरी पाणी मुरत होतं. पण सील फोडल्याशिवाय बाटलीतलं औषध बदलता येत नाही, आणि सील खोटं नव्हतं. चाचणीच्या नियमाने जपून ठेवलेली ती रिकामी बाटली मी स्वतः भिंगाखाली पाहिली.

मग मी डोस देणाऱ्या सिस्टरला गाठलं. सरळ बाई, पण घाबरलेली. वॉर्डात तिच्या डोक्यावरच मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवली होती: या औषधाच्या नळीला फिल्टर लावू नये. थैल्या अडकतात, म्हणून. त्या विभागात झाडू मारणाऱ्यालाही ती पाठ होती.

चौथ्या डोसाच्या वेळी काही वेगळं घडलं का, विचारलं. तिने सूचनेकडे बघून मान खाली घातली. मग म्हणाली की त्या दिवशी फिल्टर लावला होता. आणि तो चोंदला. औषध सोडणारा पंप सारखा ओरडायला लागला, फिल्टर पुन्हा पुन्हा बदलावा लागला. काढलेल्या फिल्टरांत विटकरी रंगाचा चिकट गाळ होता, शेंबडासारखा. माफ करा, पण तसाच होता, असं ती म्हणाली.

इथे चोरीची कल्पना कोसळली. जुनं मोकळं औषध पाण्यासारखं स्वच्छ असतं. ते शंभर फिल्टरांतून जाईल आणि तसूभर गाळ सोडणार नाही. गाळ होता, म्हणजे बाटलीत थैल्या होत्या. फुटलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. औषध कोणी बदललं नव्हतं. ते नासलं होतं.

"पंप ओरडायला लागला म्हणून फिल्टर लावलात का?" मी विचारलं.

"नाही बाई. पंप नंतर ओरडला. धाकटे डॉक्टर आले, तेव्हा बाटली टांगलीसुद्धा नव्हती." तिचा आवाज खाली गेला. "फिल्टर त्यांनी स्वतःच्या खिशातून काढून दिला."

४

मी जिन्यातच बसले. जिना फिनेलने पुसलेला होता आणि तरी त्याला कसलासा गोडसर वास येत होता.

जिथे फिल्टर चालत नाही तिथे डॉक्टर फिल्टर खिशात घालून येतो. पंप ओरडायच्या आधी, बाटली टांगायच्याही आधी. म्हणजे गाळ आहे हे त्याला आधीच माहीत होतं. कसं? डोळ्यांनी पाहिला म्हणून, किंवा गाळ होईल असं काहीतरी त्याच्या समोर घडलं म्हणून.

चरबीच्या थैल्या फोडायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्या गोठवणं. आतलं पाणी बर्फ होतं, बर्फ थैल्या फाडतो, आणि वितळल्यावर औषध मोकळं सुटतं. म्हणून त्या थंड ठेवायच्या, पण गोठू द्यायच्या नाहीत, हा पहिला धडा. त्या फ्रिजमध्ये गोठलं कसं?

आणि मला बिस्किटातलं क्रीम चाटणारी ती जीभ आठवली. केक इतका दगड, की सुरी शिरेना.

मी उठले आणि थेट कोठीत गेले. फार्मासिस्टला एवढंच विचारलं, की रजेवर जाताना किल्ली कोणाला दिलीत? तो मटकन स्टुलावर बसला. बरेच दिवस कोणीतरी विचारेल याची वाट पाहत असावा. किल्ली त्याने धाकट्या डॉक्टरांना दिली होती. खानपान विभागाचा फ्रिज लहान, आणि मोठ्या डॉक्टरांना केक इस्पितळातच हवा होता. क्रीम वितळून गाठीचा आकार बिघडायला नको, असं त्यांनी बजावलं होतं. तो परतला तेव्हा फ्रिजचं बटण नेहमीच्या जागी होतं, पण मागच्या भिंतीवर बर्फाचा पापुद्रा होता आणि बर्फात एक लाल साखरेचा मणी चिकटलेला. तो त्याने नखाने खरवडून काढला आणि गप्प बसला. रजेवर असताना किल्ली दुसऱ्याला दिली म्हणून नोकरी जाईल, ही भीती.

औषधांच्या फ्रिजमध्ये केक. माणसं मरणाच्या दारात उभी आहेत, त्यांच्या शेवटच्या आशेच्या बाटल्या मागे ढकलायच्या आणि पुढे क्रीमची गाठ ठेवायची. ही माणसं वॉर्डात शिरताना चारचारदा हात धुतात. नाकाने कांदे सोलतात नुसते.

मोठ्या डॉक्टरांना मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी बटणाला हात लावला नव्हता, बाटल्या गोठल्याचंही त्यांना ठाऊक नसावं. चेहरा खरोखर पांढरा पडला. मला वाटलं, आता तरी हा माणूस त्या बाईबद्दल एक शब्द बोलेल. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली.

"अहवालात 'केक' हा शब्द हवाच का? 'खाद्यपदार्थ' म्हटलं तर?"

मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. भावाला भेटायचं राहिलं होतं.

५

धाकटे डॉक्टर आपल्या खोलीत बेसिनपाशी होते. मला बसायला सांगून ते हात धुत राहिले. देखणा, मऊ बोलणारा माणूस. दाजींवर फार कडक कारवाई करू नका, अशी विनंतीही त्याने आपणहून केली. दाजी अडाणी आहेत, प्रेमापोटी केलं त्यांनी, असं म्हणाला. माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

मी त्याला फिल्टर, गाळ, किल्ली, बटण असं एकेक सांगितलं. नळ चालूच होता. शेवटी मीच उठून तो बंद केला.

क्रीम घट्ट राहावं म्हणून रात्री बटण त्यानेच शेवटपर्यंत फिरवलं होतं, आणि सकाळी केक काढताना त्याला बाटल्या गोठलेल्या दिसल्या होत्या. बहिणीच्याच. त्याने त्या ओंजळीत धरून ऊब दिली, वितळवल्या. एक उजेडाला धरली तर आत कण तरंगत होते. खरं सांगितलं असतं तर नव्या बाटल्या येईपर्यंत बहिणीचा डोस लांबला असता, चाचणीत खंड पडला असता, आणि पाहुण्यांना दाखवलेला तो सुंदर चढता आलेख तुटला असता. त्याच्या खाली पहिलं नाव याचं होतं. आणि औषधांच्या फ्रिजमध्ये केक ठेवणारा डॉक्टर म्हणून जगभर हसं झालं असतं ते वेगळंच.

"मला वाटलं, निम्म्याच फुटल्या असतील," तो म्हणाला. "गाळ फिल्टर अडवेल. बाकीचं तिला झेपेल."

"आणि मोकळं सुटलेलं औषध? ते फिल्टर अडवतो?"

त्याने टॉवेल उचलला. डॉक्टर होता, त्याला उत्तर येत होतं.

"काढा तुम्हाला केव्हा सुचला?"

ती गेल्यावर लगेच, घरात रडारड चालू असताना, दाजीच म्हणाले की माझ्या काढ्याने तर नसेल ना? याने फक्त 'नाही' असं म्हटलं नाही. पुढचं सगळं आपोआप होत गेलं. वड्याचं तेल वांग्यावर आणि वर देवमाणूस म्हणून आरती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं म्हणतात. हा तर सख्ख्या बहिणीच्या टाळूवरचं खाऊन तिच्या मुलीला स्वतःच्या घरी वाढवत होता.

मला वाटलं, झालं. पण तो हुंदका देऊन म्हणाला, "ताईच्या लक्षात आलं होतं."

सिस्टर हातमोजे आणायला गेली होती तेव्हा. ताईने बाटलीकडे बघून विचारलं, आज रंग वेगळा का रे? एरवी गढूळ असतं, आज सरबतासारखं दिसतंय, आत काहीतरी हलतंय. नको देऊस आज. हा हसला. माझ्यावर विश्वास नाही का ताई, म्हणाला. मग तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"आणि?"

"हात पुढे केला."

मी त्या खोलीची खिडकी उघडली. 

६

अहवाल जायचा तिथे त्याच दिवशी गेला, 'केक' या शब्दासकट. पण त्याआधी मी धाकट्या डॉक्टरांना त्यांच्या घरी घेऊन गेले. मुलीला सांगायचं ते तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर, असं बजावलं होतं.

मुलगी अभ्यासाला बसली होती. शाळकरी, आईसारखी किडकिडीत. मामाने सुरुवात केली, की बेटा, इस्पितळात एक चूक झाली. चूक झाली म्हणे, जशी काही वाऱ्याने खिडकी आपटावी. मी खोकले. मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, पण सगळं. गोठलेल्या बाटल्या, फिल्टर, ते लपवणं. बहिणीने काय विचारलं होतं तेवढं मात्र त्याने गाळलं. मीही त्याला टोकलं नाही. पोरीच्या डोक्यावर अजून ते कशाला?

तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबांचा काढा?"

"त्याचा काही संबंध नव्हता."

तिने वह्या गोळा केल्या. मामी आतून धावत आली, जेवून तरी जा म्हणाली. तिने चपला घातल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबांना मी सांगते. तुम्ही नुसत्या या."

रस्ताभर ती माझ्या पुढे पुढे चालली. दुकानाशी आल्यावर मात्र पायरीवरच थबकली. शिंपी मशीनवरच्या चादरीकडे बघत बसला होता. मुलीला पाहून तो उठला आणि उभ्या उभ्या दोन पावलं मागे सरकला, जणू आपण जवळ गेलो तर तिला विटाळ होईल. हे पाहून मला त्या भावाची जी किळस आली, तेवढी त्याच्या खोलीतही आली नव्हती.

मुलगी त्याच्या अंगावर जवळजवळ कोसळलीच. सांगायचं ते तिने त्याच्या शर्टातच तोंड खुपसून सांगितलं. मध्ये मध्ये शब्द कळत नव्हते, तेव्हा तो माझ्याकडे बघायचा आणि मी मानेने होय म्हणायचे. काढ्याचं ऐकल्यावर त्याने डोळे मिटले. मेहुण्याचं ऐकल्यावर तो रागावेल, शिवी देईल, निदान भिंतीवर हात आपटेल, असं मला वाटत होतं. तो मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

बऱ्याच वेळाने, ती शांत झाल्यावर, तो मला दारापर्यंत सोडायला आला. चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच थोडं हलकेपण पाहिलं.

"एक बरं झालं, बाई," तो म्हणाला. "तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. भावावर फार जीव होता तिचा. कळलं असतं तर त्यानेच मेली असती."

मी हो म्हटलं आणि पायऱ्या उतरले.